गोळीची झोप, योगनिद्रा आणि नैसर्गिक झोप: एका भट्टी पर्यवेक्षकाचे प्रकरण

प्रस्तुत प्रकरण कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, एका ओतकाम कारखान्याच्या भट्टीवर पर्यवेक्षक असलेल्या ४६ वर्षांच्या गृहस्थांचे आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. निद्रानाशाचे रुग्ण माझ्याकडे नेहमीच येतात. परंतु नैसर्गिक झोप, औषधाने आणलेली झोप आणि योगातील शिथिलीकरण या तीन अवस्थांची एकमेकींशी गल्लत झाली की काय घडते, हे या एका प्रकरणात जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसते. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही अवस्थांत डोळे मिटून निश्चल पडलेला माणूसच दिसतो. मेंदूत आणि शरीरात मात्र तीन वेगळ्या गोष्टी चाललेल्या असतात आणि एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही.

हे गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या सलग तीन रात्री जवळजवळ जागून गेल्या होत्या. हातांना बारीक कंप होता, तळवे घामाने ओले होते, नाडी मिनिटाला ११० च्या आसपास होती आणि दाराचा आवाज झाला तरी ते दचकत होते. आदल्या दिवशी भट्टीतून लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेला धातू वाहून नेण्याच्या भांड्यात, धातू ओतला जात असताना उभ्या-उभ्या त्यांचा डोळा लागला आणि शेजारच्या मदतनिसाने दंडाला धरून मागे ओढले म्हणून अनर्थ टळला. ओतायच्या वेळी बिडाचे तापमान सुमारे १४०० अंश सेल्सिअस असते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या क्षणाचे गांभीर्य वेगळे सांगावे लागत नाही.

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या ओतकाम धंद्यात विजेवरच्या भट्ट्या रात्री चालवण्याची पद्धत वर्षानुवर्षे रूढ होती, कारण रात्रीच्या वापराला वीजदरात सवलत मिळत असे. या गृहस्थांच्या कामाची पहिली चौदा वर्षे अशा रात्रपाळीतच गेली. दिवसा खिडकीला जाड चादर लावून ते मिळेल तेवढे झोपत. पुढे बढती मिळून ते दिवसपाळीत आले, तेव्हा रात्री लवकर झोप लागत नसे, पण तक्रार करावी इतका त्रासही नव्हता. तो सुरू झाला ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर. पंचगंगेचे पाणी त्यांच्या घरात शिरले, कुटुंबाला रातोरात नातेवाइकांकडे हलावे लागले, आणि घर धुऊन-पुसून परत राहायला गेल्यावर ते मध्यरात्री उठून दारात पाणी आले आहे का हे पाहू लागले.

त्या वेळी परिसरातल्या एका डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवसांपुरती अल्प्राझोलम या चिंता शमवून झोप आणणाऱ्या औषधाची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. त्या परिस्थितीत ते योग्यच होते. पुढे ती चिठ्ठी पंधरा दिवसांवर थांबली नाही, हा खरा प्रश्न आहे. अल्प्राझोलम आपल्याकडे एच-१ अनुसूचीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि विक्रीची नोंद औषध दुकानदाराने तीन वर्षे जपायची असते. तरीही जुनी, घड्या पडून विरलेली चिठ्ठी दाखवून गोळी मिळत राहिली आणि काही वर्षांत मात्रा एक मिलिग्रॅमवर गेली. पहिल्या भेटीत त्यांनी तिचे वर्णन असे केले: "गोळी घेतली की बत्ती गुल हुत्या, पर सकाळी अंग जड ऱ्हातंय."

मध्यंतरी त्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. तिच्याविषयीचे त्यांचे उद्गार मी जसेच्या तसे नोंदवून ठेवले आहेत: "भूल दिल्यावर लागली तसली झोप जन्मात लागली न्हाई, डॉक्टर. तसली पायजे." या वाक्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण त्यांच्या सगळ्या धडपडीमागची अपेक्षा त्यात आहे.

त्यानंतर एका योगशिबिरात त्यांची योगनिद्रेशी, म्हणजे पडून राहून सूचनांनुसार शरीर शिथिल करण्याच्या सरावाशी, ओळख झाली. शिबिरातला पहिला अनुभव फार चांगला होता. खांदे कित्येक महिन्यांनी सैल झाले, असे ते म्हणाले. तेथेच कोणीतरी त्यांना सांगितले की एक तास योगनिद्रा केली की चार तासांची झोप भरून निघते. हे वाक्य आपल्याकडे इतक्या सर्रास फिरते की त्यावर विश्वास ठेवल्याबद्दल त्यांना बोल लावता येणार नाही. त्यांनी घरी येऊन गोळ्यांची पट्टी त्याच रात्री टाकून दिली आणि मोबाइलवरच्या ध्वनिफितीनुसार दिवसातून तीन वेळा योगनिद्रा सुरू केली: जेवणाच्या सुट्टीत, घरी परतल्यावर आणि अंथरुणाला पाठ टेकताना. तिसऱ्या दिवशी भट्टीवरचा तो प्रसंग घडला.

त्यांच्या पत्नी तोवर गप्प बसल्या होत्या. मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी या प्रकरणातली सर्वांत उपयोगी माहिती एका वाक्यात दिली: "आमचं मालक योगनिद्रेत घोरत्यात, आन् रात्रीला टक्क जागं."

निदान आणि त्यामागचा विचार

घोरण्याचा उल्लेख आल्यामुळे झोपेत श्वास अडखळतो का हे आधी तपासणे भाग होते. तशी व्याधी असेल तर अल्प्राझोलमसारखे औषध ती वाढवते आणि मग सगळा उपचारच बदलावा लागतो. रात्रभराच्या चाचणीत श्वासरोधाचे प्रमाण तासाला पाचपेक्षा कमी, म्हणजे सामान्य मर्यादेत आढळले. थायरॉइड आणि रक्तशर्कराही ठीक होती. निदान दोन पदरी झाले: आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला जुनाट निद्रानाश, आणि त्यावर औषध एकाएकी बंद केल्याने उद्भवलेली तीव्र लक्षणे. यांपैकी दुसरी गोष्ट तातडीची होती. या गटातले औषध दीर्घकाळ घेतल्यावर अचानक सोडले तर झटके येऊ शकतात आणि ते प्राणघातकही ठरू शकतात.

आता तिन्ही अवस्थांविषयी. उपचाराची सारी मांडणी यावरच उभी असल्याने हा भाग मी त्या दांपत्यालाही सविस्तर समजावून सांगितला.

नैसर्गिक झोप दोन प्रक्रियांच्या मेळातून येते, ही मांडणी अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली केली आणि ती आजही आधारभूत मानली जाते. माणूस जागा असतो तितका वेळ मेंदूत ॲडेनोसिनसारखी द्रव्ये साचत जातात आणि झोपेची ओढ वाढते. ही पहिली प्रक्रिया. दुसरी म्हणजे मेंदूच्या तळाशी, दृष्टीच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या वर असलेल्या पेशीपुंजाचे घड्याळ. ते डोळ्यांत येणाऱ्या उजेडावर जुळते आणि अंधार पडल्यावर मेलाटोनिन स्रवू देते. ओढ पुरेशी साचलेली असेल आणि घड्याळाची वेळही तीच असेल, तर झोप आपोआप लागते. लागल्यावर ती एकसारखी राहत नाही. उथळ झोप, मंद लहरींची गाढ झोप आणि डोळ्यांच्या जलद हालचालींची रेम झोप अशी सुमारे नव्वद मिनिटांची आवर्तने रात्रीतून चार-पाच वेळा होतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात आणि रेम झोपेचा पहाटेकडे असतो. रेम झोपेची नोंद ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये शिकागो येथे केली. झोप म्हणजे मेंदूचे नुसते बंद पडणे, ही समजूत तेव्हापासून मागे पडत गेली.

अल्प्राझोलम यात कुठे बसते? मेंदूतल्या गॅबा नावाच्या शामक द्रव्याचा परिणाम ते वाढवते, त्यामुळे पेशी सहजासहजी उत्तेजित होत नाहीत आणि माणूस लवकर झोपतो. परंतु अशा झोपेत मंद लहरींचा गाढ भाग कमी होतो, रेम झोपही घटते आणि मधल्या उथळ टप्प्याचे प्रमाण वाढते. सहा तास झोपूनही सकाळी अंग जड का, याचे एक उत्तर इथे आहे. दुसरे असे की या औषधाचा निम्मा अंश शरीराबाहेर पडायला सरासरी अकरा तास लागतात, म्हणजे सकाळी कामावर जातानाही ते रक्तात असतेच. महिनोन्महिने गोळी चालू राहिली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो आणि आपली स्वतःची शामक व्यवस्था सैल सोडतो. मग गोळी एकदम काढली की मूळ निद्रानाशाहून वाईट जागरण, कंप, धडधड आणि भीती उसळून येते. रुग्ण त्याचा अर्थ ‘गोळीशिवाय मला झोप येतच नाही’ असा लावतो. त्याचा तो अनुभव खरा असतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नसतो.

भूल ही तर झोपच नव्हे. ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये जाहीरपणे दाखवली गेली, तेव्हापासून रुग्णाला धीर देण्यासाठी ‘तुम्हाला झोपवणार आहोत’ असे म्हणण्याची रीत पडली, आणि ती माणुसकीचीच रीत आहे. पण झोपलेला माणूस हलवला की जागा होतो, कूस बदलतो, स्वतःचा श्वास स्वतः सांभाळतो. पूर्ण भुलेतल्या माणसाला सुरीनेही जाग येत नाही, त्याच्या मेंदूत नव्वद मिनिटांची आवर्तने फिरत नाहीत, आणि त्याचा श्वास व रक्तदाब भूलतज्ज्ञाला क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. भुलेतून उठल्यावर वाटणारे समाधान हे मुख्यतः मधला काळ स्मृतीतून नाहीसा झाल्याचे आणि काही औषधांमुळे थोडा वेळ राहणाऱ्या हलकेपणाचे असते. हे गृहस्थ रोज रात्री त्या नाहीसे होण्याची वाट पाहत होते. नैसर्गिक झोपेत माणसाला मधून-मधून किंचित जाग येते, तो कूस वळतो, घड्याळाचे ठोके ऐकतो आणि पुन्हा झोपतो. त्यांच्या लेखी अशी प्रत्येक जाग म्हणजे झोप बिघडल्याचा पुरावा होता. अपेक्षेचे मापच चुकीचे असेल तर चांगली झोपही तोकडी वाटते, आणि माझ्या मते त्यांच्या दुखण्याचा निम्मा भाग हाच होता.

राहिली योगनिद्रा. हठप्रदीपिकेत शवासनाचे फळ सांगताना ते शीण घालवते आणि चित्ताला विश्रांती देते, असे म्हटले आहे. झोपेचा तिथे उल्लेख नाही. पतंजलींनी तर निद्रेला चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये गणले आहे, म्हणजे ज्या वृत्तींचा निरोध साधायचा त्यांतलीच ती एक. आज आपण जी योगनिद्रा करतो तिची संकल्प, शरीराच्या एकेका अवयवावरून लक्ष फिरवणे, श्वासाची उलटी मोजणी, परस्परविरोधी संवेदना आणि मनश्चित्रे अशी क्रमवार पद्धत मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे संस्थापक स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी विसाव्या शतकात बसवली, आणि तिच्यातही साधकाला पुनःपुन्हा ‘झोपू नका’ अशीच सूचना असते. शरीर शिथिल आणि जाणीव जागी, हा तिचा गाभा आहे. तिचा उपयोग मी मुळीच कमी लेखत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवरील शवासनाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि नियमित सरावाने अनेकांचा रक्तदाब उतरल्याचे, काहींची औषधे कमी करता आल्याचे दाखवले. महाराष्ट्रातल्या एका सार्वजनिक रुग्णालयातून इतक्या आधी असे काम व्हावे, याचे मला आजही कौतुक वाटते. डेन्मार्कमध्ये आठ अनुभवी साधकांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात योगनिद्रेदरम्यान मेंदूच्या एका भागात डोपामिनचा स्राव वाढलेला दिसला. यांतून शिथिलीकरणाचे शारीरिक परिणाम खरे आहेत एवढे निश्चित होते. त्यातून एका तासाला चार तासांचा भाव मात्र काढता येत नाही, कारण गाढ आणि रेम झोपेची आवर्तने त्या तासात घडतच नाहीत.

आणि या गृहस्थांची योगनिद्रा तर योगनिद्राही उरली नव्हती. ते तीत घोरत होते. दिवसातून दोनदा अर्धा-पाऊण तास ते चक्क झोपत आणि रात्रीसाठी साचत आलेली ओढ संध्याकाळीच खर्च करत. रात्रीचा तिसरा सराव झोप आणण्याच्या ईर्ष्येने केलेला असे. ध्वनिफीत संपली की ‘अजून लागली नाही’ या विचाराने छाती धडधडू लागे.

उपचार

प्रथम अल्प्राझोलम पूर्वीच्याच मात्रेत पुन्हा सुरू केले. त्यांना हे पराभवासारखे वाटले आणि ते मान्य करून घ्यायला बराच वेळ द्यावा लागला, पण त्याला पर्याय नव्हता. कारखान्याला पत्र देऊन त्यांना भट्टीवरून तयार कास्टिंगच्या तपासणीवर हलवले. मालकांनी समजूतदारपणे ते तत्काळ केले. लक्षणे स्थिरावल्यावर मात्रा अगदी लहान टप्प्यांनी, दर दोन-तीन आठवड्यांनी मूळ मात्रेच्या सुमारे एक अष्टमांशाने उतरवली आणि शेवटचे टप्पे आणखी लांबवले. एकूण सात महिने लागले. ही उतरण प्रत्येक रुग्णाचे वय, मात्रा आणि इतर आजार पाहून डॉक्टरांनी आखायची असते. कोणी हा आराखडा वाचून स्वतःवर लागू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्याच्या जोडीला झोपेची नोंदवही सुरू केली. पहिल्या आठवड्यांच्या नोंदींनुसार ते रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा असे नऊ तास अंथरुणात घालवत आणि त्यांपैकी अंदाजे पाच तास झोपत. उरलेले चार तास अंथरूण म्हणजे काळजी करण्याची जागा, हीच शिकवण शरीराला मिळत होती. अशा वेळी अंथरुणातला वेळ एकदम झोपेइतकाच करण्याची रीत प्रभावी आहे, परंतु औषध उतरत असताना आणि धोक्याच्या कामावर परतायचे असताना मला ती योग्य वाटली नाही. म्हणून दर आठवड्याला अर्धा तास कमी करत तो वेळ साडेसहा तासांवर आणला. सकाळी उठण्याची वेळ साडेपाच ठरली आणि ती रविवारीही बदलायची नाही, असा करार झाला. झोप येत नसेल तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचे आणि डोळे जड झाल्यावरच परतायचे. दुपारी तीननंतर चहा बंद. कारखान्यात दर तासाला चहा फिरत असल्याने हे त्यांना गोळी सोडण्याइतकेच कठीण गेले. सकाळी उठल्यावर पंचगंगेच्या घाटापर्यंत चालत जायचे, जेणेकरून उजेड वेळेवर डोळ्यांत जाईल आणि चौदा वर्षांच्या रात्रपाळीने विस्कटलेले घड्याळ जाग्यावर येईल.

योगनिद्रा बंद केली नाही, तिची जागा बदलली. दिवसातून एकदाच, जेवणाच्या सुट्टीत, वीस मिनिटे. घरी असतील त्या दिवशी जमिनीवर सतरंजी टाकून, पलंगावर कधीच नाही. झोपायच्या वेळी ती करायची नाही. सराव करताना डोळा लागू लागला तर भिंतीला पाठ टेकून बसून करायचा, असे सांगितले आणि पहिले काही आठवडे त्यांनी तो बसूनच केला. रात्री झोप यावी हा हेतू सरावातून पूर्णपणे काढून टाकला. ताण ओळखायचा आणि सोडायचा, एवढेच काम तिच्याकडे ठेवले.

ध्वनिफितीबाबत एक अडचण अनपेक्षितपणे पुढे आली आणि ती इतर योगशिक्षकांनी लक्षात घ्यावी असे मला मनापासून वाटते. त्या ध्वनिफितीत मनश्चित्रांच्या टप्प्यावर ‘शांत नदी, तिचे संथ पाणी तुमच्याभोवती पसरत आहे’ अशा अर्थाची सूचना होती. एरवी कोणालाही सुखद वाटेल असे हे चित्र आहे. पण ज्यांच्या घरात रात्री पाणी चढत आले, त्यांच्यासाठी ते सुखद कसे असेल? त्या सूचनेपाशी श्वास अडकतो, हे त्यांनी बऱ्याच उशिरा आणि संकोचाने सांगितले. विरोधी संवेदनांच्या टप्प्यात उष्णता जाणवून घेण्याची सूचना आली की त्यांना भट्टी दिसे. आम्ही त्यांच्यासाठी मराठीत नवीन सूचना तयार केल्या: पाणी नाही, ऊब नाही, फक्त जडपणा आणि हलकेपणा, आणि मनश्चित्र म्हणून लहानपणी ज्या तालमीत ते जात तिथल्या लाल मातीचा स्पर्श व वास. त्यानंतर सराव खऱ्या अर्थाने लागू पडू लागला. २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर पाहिलेल्या या जिल्ह्यात पाण्याचे चित्र वापरण्याआधी समोरच्याला विचारणे अगत्याचे आहे.

पुढील वाटचाल

पहिले दोन महिने कठीण गेले. मात्रा कमी केल्यावर तीन-चार रात्री झोप मोडे आणि मग सावरे. हे प्रत्येक टप्प्यावर होणार हे आधीच सांगून ठेवल्यामुळे ते घाबरले नाहीत. चौथ्या महिन्यापासून अंथरुणातल्या वेळेपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक वेळ झोपेत जाऊ लागला, तेव्हा झोपण्याची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. स्वप्ने परत आली. ती इतकी ठसठशीत होती की त्यांना काळजी वाटली. दडपलेली रेम झोप औषध उतरू लागल्यावर काही काळ उसळते आणि मग शांत होते, हे सांगितल्यावर ती मिटली.

गोळी पूर्ण सुटल्यानंतरचा पहिला पावसाळा ही खरी कसोटी होती. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे कोल्हापुरात लहान मुलालाही पाठ असतात. जुलैमध्ये पातळी वाढू लागली तसे ते रात्री दोन-दोन तासांनी मोबाइलवर आकडा पाहू लागले आणि आठवडाभरात झोप पुन्हा विस्कटली. त्यांनी दूरध्वनी करून गोळी मागितली. मी ती दिली नाही. त्याऐवजी पातळी पाहण्याचे काम त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे सोपवले. रात्री त्याने पाहायचे आणि ४० फूट ओलांडले तरच वडिलांना उठवायचे, कागदपत्रे व दागिन्यांची पिशवी आधीच भरून माळ्यावर ठेवायची, आणि जायचे ठिकाण ठरवून ठेवायचे. भीती निराधार नव्हती, म्हणून ती घालवण्याऐवजी तिची तजवीज केली. दुपारचा सराव तसाच चालू ठेवला. दहा-बारा दिवसांत झोप पूर्ववत झाली.

आज ते रात्री सुमारे साडेसहा तास झोपतात, एखाद-दुसऱ्यांदा जाग येते आणि पुन्हा डोळा लागतो. भट्टीवर ते परत रुजू झाले आहेत, मात्र फक्त दिवसपाळीत; रात्रपाळीची बदली करावी लागू नये यासाठी कारखान्याला दिलेले वैद्यकीय पत्र दर वर्षी नव्याने द्यावे लागते, आणि यंदाचे पत्र त्यांनी पावसाळ्याआधीच नेले आहे.